‘आमच्या वाडीत असं मूल दुसरं नाही’: कर्णबधिर मुलांच्या पालकांनी एकमेकांना कसं गाठायचं?

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका आईचा आहे. मुलगा वीस महिन्यांचा. बेरा टेस्टमध्ये, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणाऱ्या तपासणीत, दोन्ही कानांना तीव्र ते अतितीव्र श्रवणदोष निघाला. दोन महिन्यांपासून दोन्ही कानांना ऐकायचं मशीन आहे आणि कॉकलिअरच्या, म्हणजे कानाच्या आत यंत्र बसवायच्या, ऑपरेशनची बोलणी चालू आहेत. नवरा मुंबईला, घरी सासूबाई. त्या लिहितात, “आमच्या ऑडिओलॉजिस्ट म्हणतात, अशा मुलांच्या दुसऱ्या आईवडिलांना भेटा. पण आमच्या वाडीत असं मूल दुसरं नाही. आणि भेटून काय होणार, त्या बायका काही डॉक्टर नाहीत. शिवाय मला चारचौघांत बोलता येत नाही.”

ताई, मी बावीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात हेच काम करते. कान तपासायचे, मशीन लावायचं, मुलांची स्पीच घ्यायची. उत्तर लांबणार आहे, जरा सवडीने वाचा.

आधी वाडीचा हिशेब करू. जन्मापासून कायमचा श्रवणदोष असलेली मुलं साधारण हजार जन्मांमागे एक ते तीन. आपल्या वाडीत वर्षाला बारशी होतात ती चार किंवा पाच. म्हणजे तुमच्या वाडीत असं मूल दोन-तीन पिढ्यांत एखादं दिसलं तरी खूप. म्हणूनच कुणाला काही माहीत नसतं आणि म्हणूनच सगळेजण सल्ला देतात. तालुक्याचा हिशेब मात्र वेगळा येतो. तालुक्यात दरवर्षी असं एखाद-दुसरं मूल जन्माला येतंच, म्हणजे शाळेत जायच्या आधीच्या वयाची पाच-सात मुलं या घडीला तुमच्या आसपास आहेत. एक डोंगराच्या पलीकडे, एक खाडीच्या पलीकडे. त्यांच्या आयांनाही वाटतंय की आमच्या वाडीत असं दुसरं नाही.

दुसरी गोष्ट, कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. कर्णबधिर माणसाशी आयुष्यात पहिल्यांदा बोलायची वेळ येते ती थेट स्वतःच्या लेकराशी. बाकी कुठल्याही बाबतीत आपल्याला आई, मावशी, शेजारीण सांगणारी असते. बाळाला न्हाऊ कसं घालायचं, दात येताना काय करायचं, हे कुणी पुस्तकात वाचत नाही. इथे मात्र ती साखळीच तुटलेली असते. दुसऱ्या पालकांना भेटा म्हणतात ते ही साखळी पुन्हा जोडायला. त्या बायका डॉक्टर नाहीत हे खरंच आहे, आणि त्यांनी डॉक्टर होऊही नये. त्यावर पुढे बोलते.

मी तुम्हाला काय देऊ शकते आणि काय नाही, ते एका प्रसंगावरून सांगते.

देवगडकडची एक आई माझ्याकडे यायची. मी तिला मोल्ड, म्हणजे मशीनचा कानाच्या मापाचा साचा, कानात कसा बसवायचा ते तीनदा दाखवलं होतं, कागदावर चित्रही काढून दिलं होतं. घरी गेली की मशीन शिट्टी मारायचं. मूल रडायचं, हिचे हात थरथरायचे, आणि मशीन पुन्हा डबीत. एकदा बाकावर तिच्या शेजारी कणकवलीची एक आई बसली होती, तिची मुलगी चार वर्षांची. तिने बघितलं आणि म्हणाली, “गो, तू समोर बसून घालतंस म्हणान जमना नाय. माका बघ.” तिने मुलाला मांडीवर पाठमोरा घेतला, आपल्या हनुवटीखाली त्याचं डोकं टेकवलं, डाव्या हाताने कानाची पाळी हलकेच मागे-वर ओढली आणि मोल्डला चिमूटभर पीळ देऊन आत सरकवला. शिट्टी बंद. मग म्हणाली, “आणि घालताना गाणा म्हण. तुझा हात कापता ता तेका कळता.” मी तेवीस मुलांचा ओपीडी उरकत होते. मला हे सुचलं नसतं असं नाही, पण माझ्या तोंडून ते तिला पटलं नसतं. माझे हात कापत नाहीत, हे तिला दिसत होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या तोंडून कधीच येऊ शकत नाही. “मी सहा महिने त्याच्याशी बोललेच नाही. ऐकूच येत नाही तर काय बोलायचं, असं वाटायचं.” हे वाक्य मी निदान दहा आयांकडून ऐकलंय, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे पाप फक्त आपल्या हातून घडलं. दुसरी आई तेच बोलते तेव्हा पहिलीचा श्वास सुटतो. मी “अपराधी वाटून घेऊ नका” असं हजारदा सांगितलं तरी तो सुटत नाही. आणि हा श्वास सुटणं ही चैन नाही. आई गप्प झाली की मुलाची भाषा थांबते. मशीन आवाज पोचवतं, शब्द घरातूनच यावे लागतात. जगभर या कामात एक वेळापत्रक धरतात: पहिल्या महिन्यात कानाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन आणि थेरपी. आपल्याकडे बहुतेकांना निदान होईपर्यंत दीड-दोन वर्षं गेलेली असतात. तुमचीही गेली. आता त्यात आईच्या दुःखाची आणखी सहा महिन्यांची भर नको.

दुसऱ्या आईकडून मिळणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा अगदी बारीक असतात. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथे मशीन कसं टिकायचं? मी सांगते, “रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा.” एवढंच. आया मात्र एकमेकींना सांगतात की निळी खडी गुलाबी झाली की ती ओली झाली असं समजायचं, नळीत पाण्याचा थेंब दिसला तर तोंडाने न फुंकता छोट्या रबरी पंपाने काढायचा, मशीन तांदळाच्या डब्यात ठेवू नये कारण पीठ आत जातं, आणि शाळेत जाताना मशीनला दोरा बांधून कॉलरला क्लिप लावायची. एकीने तर आल्या-आल्याच सांगितलं होतं, “माझ्या झिलान पयला मशीन बावडीत टाकल्यान.” सगळ्या हसल्या. नव्या आईच्या तोंडावर मी तिचं पहिलं हसू त्या दिवशी पाहिलं.

खडी आणि सेल मात्र मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा. मशीनचा बारका सेल गिळला गेला तर ‘सकाळी बघू’ चालत नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. सेल नेहमी मोजून ठेवायचे, आणि लहान मुलाच्या मशीनला सेलच्या दाराचं कुलूप मागून घ्यायचं. हे मी प्रत्येक पालकाला सांगते, इथेही सांगून ठेवते.

आता माझी एक चूक सांगते. ती माझ्या डोक्यातून जात नाही.

साधारण बारा वर्षांपूर्वी मला या भेटीगाठींचा फार उत्साह होता. एक नवी आई आली, मुलगी दोन वर्षांची, निदान नुकतंच झालेलं. मी तिला माझ्या सगळ्यांत ‘चांगल्या’ मुलाच्या आईशी भेटवलं. त्या मुलाला दीड वर्षाच्या आत कॉकलिअर बसलेलं, वडील बँकेत, आईने नोकरी सोडून रोज थेरपी केलेली, पोरगा साध्या शाळेत. त्याने नव्या आईसमोर तेराचा पाढा म्हणून दाखवला. मला वाटलं, हिला आता आशा वाटेल. ती घरी गेली आणि चार महिने आलीच नाही. आशाताईंना पाठवलं तेव्हा कळलं, मशीन कपाटात. तिचं म्हणणं सोपं होतं: “त्यांच्याकडे पैसा, वेळ, सगळं होतं. माझ्याकडे काजूच्या कारखान्यातली नोकरी आणि दारू पिणारा नवरा. माझ्याने ते होणार नाही, तर मग कशाला?”

तेव्हापासून माझा नियम आहे. नव्या पालकाला बक्षीस मिळवलेलं मूल दाखवायचं नाही. त्यांच्यासारखंच घर असलेला, दीड-दोन वर्षांनी पुढे असलेला पालक शोधायचा. दहा वर्षांनी पुढे असलेली आई पहिल्या पावसाळ्याची भीती विसरलेली असते. आणि एकच आई. दोनशे माणसांच्या ग्रुपपेक्षा रात्री साडेनऊला फोन उचलणारी एक बाई कधीही बरी. माझं सगळं म्हणणं याच्यापुढे फारसं नाही.

हे काही नवं नाही. लॉस एंजेलिसमध्ये 1942 साली लुईझ ट्रेसी या बाईंनी स्वतःच्या कर्णबधिर मुलाला, जॉनला, वाढवण्याच्या अनुभवावरून पालकांसाठी केंद्र काढलं. त्यांचे पती नामवंत अभिनेते, पण केंद्र बाईंनी उभं केलं. दूर राहणाऱ्या आईवडिलांना ते टपालाने धडे पाठवत, फुकट. रेल्वे नाही, गाडी नाही, असल्या घरांनाही आई म्हणून कुणीतरी लिहितंय, ही कल्पना मला फार आवडते, कारण आपल्या खाड्या आणि घाट बघता आपणही टपालाच्याच युगात आहोत. पुढे 2012 मध्ये ऑस्ट्रियात जगभरातले तज्ज्ञ आणि पालक जमले आणि लवकर सुरू करायच्या उपचारांची दहा तत्त्वं ठरवली. त्यांत कुटुंबाला मानसिक आणि सामाजिक आधार मिळणं हे स्वतंत्र तत्त्व आहे. मशीन, थेरपी यांच्या बरोबरीने. आपल्याकडच्या फायलीत त्यासाठी रकाना नसतो, एवढाच फरक.

तर मग शोधायचं कुठे? तुमच्या ऑडिओलॉजिस्ट तुम्हाला दुसऱ्या आईचा नंबर थेट देणार नाहीत, देऊही नये. त्यांना सांगा, “माझा नंबर त्यांना द्या, त्यांना वाटलं तर त्या करतील.” हे चालतं. सिव्हिलमधल्या डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, विचारा. अंगणवाड्यांत मुलं तपासायला येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी संशय आलेली मुलं तिथेच पाठवते, त्यामुळे तालुक्यातली मुलं त्यांच्या रजिस्टरमध्ये असतात. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात. ते घरोघर जातात आणि त्यांना सगळी मुलं नावानिशी माहीत असतात. कर्णबधिरांच्या शाळेत विचारा, मूल तिथे घालायचं नसलं तरी. आणि सगळ्यांत सोपी जागा म्हणजे सिव्हिलमधला सर्टिफिकेटचा दिवस. सकाळी आठपासून बाकावर बसलेल्या सगळ्या आयांच्या हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी, त्यात तोच ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. तिथे मी आयुष्यभराच्या मैत्र्या जुळलेल्या पाहिल्यात, आणि नंबर कुणी दिला हे विचारायचीही गरज पडलेली नाही.

सर्टिफिकेटवरून आठवलं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, यांचं काम पहिल्या भेटीतच दुसऱ्या आईकडून समजून घ्या. कुठल्या खिडकीवर काय लागतं, कुठला कागद दोनदा झेरॉक्स करायचा, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा. त्यात 40 टक्के दिव्यांगत्वाची अट असते आणि तुमच्या मुलाचा श्रवणदोष पाहता ती पूर्ण होईल. कॉकलिअरसाठी केंद्र सरकारची ॲडिप ही मदत योजना आहे. तिचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून चालतं, आणि जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलांना पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. तुमच्याकडे वेळ आहे, पण तो दवडायचा नाही. मूल जितकं लहान, तितकं बरं.

ऑपरेशनच्या बाबतीत तर दुसऱ्या पालकांना आधीच भेटा, नंतर नाही. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी मशीन चालू करतात, त्या दिवशी घरच्यांना वाटतं आता मूल ‘आई’ म्हणेल. मूल दचकून रडतं. कारण त्या दिवशी त्याच्या कानाचं वय शून्य असतं. मग मॅपिंगच्या, म्हणजे मशीनचा आवाज मुलाला जुळवून घ्यायच्या, फेऱ्या, थेरपी, महिने. ज्या घराला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, ते त्या दिवशी कोसळतं. सर्जन सांगतात, मीही सांगते, पण ‘रडला होता, आणि तो आवाज ऐकल्याचा पुरावा होता’ हे ज्या आईने भोगलंय तिच्या तोंडून ते वेगळं लागतं. आणखी एक, वॉरंटी संपल्यावर केबल नि कॉइल किती खर्चाची होते, हा प्रश्न पालकांनाच विचारा. उत्तर सरळ मिळेल.

नवऱ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. आपल्याकडे निम्म्या घरांत असंच आहे. आई गावात, बाप मुंबईत, आणि मुलाच्या कानाची बातमी बापाला फोनवर कळते. तो पैसे पाठवतो आणि गप्प बसतो. लोक म्हणतात, त्याला काही वाटत नाही. खरं म्हणजे त्याला बोलायलाच कुणी नसतं. मी असे दोन बाप मुंबईतच एकमेकांशी जोडून दिले, एक दिव्याला, दुसरा नालासोपाऱ्याला. दोघांनी आळीपाळीने वांद्र्याचे हेलपाटे वाटून घेतले. फॉर्म आण, तारीख विचार. पुढच्या गणपतीला दोघे तुतारी एक्सप्रेसने एकाच डब्यातून आले. एकाने दुसऱ्याला काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्या वर्षी शिमग्याला पालखी नाचताना एक जण पोराला खांद्यावर घेऊन ढोलाला हात लावायला शिकवत होता. आधी तो पोराला गर्दीत आणायलाच लाजायचा. तेव्हा तुमच्या मिस्टरांचा नंबरही द्या, फक्त आयांची भेट पुरत नाही.

सासूबाईंचं वेगळं. सून म्हणून तुम्ही काहीही सांगितलंत तरी ते उलट उत्तर ठरतं. आजीला आजीच लागते. ग्रहणात विळी धरली, कुणाची दृष्ट लागली, सुनेच्या माहेरचं आलं, हे सगळं मी ऐकलंय. पोपटाने उष्टावलेला पेरू आणून मुलांना दिलेलाही पाहिलाय. मी त्यावर भांडत नाही. नवस बोलायचा तर बोला, देवीला कौल लावा, मात्र मशीन कानात ठेवून. एका भेटीत एक आजी असंच सुनेच्या माहेराबद्दल बोलत होत्या. समोरची आई शांतपणे म्हणाली, “काकी, आमच्या पोराची रक्ताची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, दोघांकडून अर्धं-अर्धं आलंय. अर्धं तुमच्या झिलाकडचंही असतं हां.” सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या, काकीसुद्धा. तिचं खरं होतं. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक कारणांत सर्वाधिक आढळणारा कनेक्सिन 26 च्या जनुकातला दोष असाच दोन्ही बाजूंनी येतो. आईबाप ऐकणारे असतात आणि प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते. प्रत्येक मुलाला हेच लागू पडतं असं नाही. गरोदरपणातला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मल्यावरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशीही कारणं असतात, आणि अनेक मुलांत कारण सापडतच नाही. मुद्दा एवढाच, की ते वाक्य मी उच्चारलं असतं तर काकी पुन्हा आल्या नसत्या.

आता त्या बायका डॉक्टर नाहीत, याबद्दल. म्हणूनच काही गोष्टी त्यांनी तुम्हाला सांगू नयेत आणि तुम्हीही पुढे कुणाला सांगू नयेत. ऑपरेशन कर किंवा करू नको. अमुक कंपनीचं मशीन घे. आवाज वाढवून बघ. ही तिन्ही वाक्यं ऐकलीत की विषय बदला. मशीन विकणारा माणूस पालकांच्या ग्रुपात ‘मदत’ करायला आला तर त्याला नम्रपणे बाहेर काढा. हे मी कडवटपणे लिहितेय, कारण पाहिलंय. मुलाचे व्हिडिओ, रिपोर्टचे फोटो परवानगीशिवाय पुढे जाऊ देऊ नका. गाव लहान आहे, आणि एका ग्रुपातली गोष्ट दुसऱ्या दिवशी नाक्यावर असते. आणि कान उघडणाऱ्या तेलाचे फॉरवर्ड. त्याला कुणीतरी एकदा नाही म्हणायला लागतं, नाहीतर महिनाभर तेच चालतं. दुसरी आई ऐकून घेणारी हवी. पाच मिनिटांत तिने स्वतःच्या मुलाच्या चार गोष्टी सांगितल्या आणि तुमच्या मुलाचं नावही विचारलं नाही, तर दुसरी शोधा. संकोच करू नका, सगळ्यांशी जमतंच असं नाही.

एका ठिकाणी मात्र मैत्रीण पुरत नाही. झोप उडालीय, जेवण जात नाही, ‘मी आणि हा दोघेही नसलो तर बरं’ असे विचार येतायत, असं तुमचं किंवा तुमच्या नव्या मैत्रिणीचं झालं तर फोनवर धीर देत बसू नका. टेलिमानसचा सरकारी नंबर 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग असतो. मी दोन आयांना स्वतः हाताला धरून तिथे नेलंय.

आणखी एक भेट, जी बहुतेक पालक टाळतात. मोठ्या कर्णबधिर माणसाला भेटा. तुमच्या मनातला खरा प्रश्न ‘हा बोलेल का’ एवढाच नाही, ‘हा मोठेपणी काय करील’ हा आहे. आमच्या बाजारात एक कर्णबधिर शिंपी आहे. मी नव्या आयांना ब्लाऊज शिवायला त्याच्याकडे पाठवते, दुसरं कारण न सांगता. तो कापड उलटंपालटं करून भाव करतो, बोटांनी तारीख सांगतो, मधेच मोबाईल समोर टेकवून मित्राशी व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत वाद घालतो आणि हसतो. एक आई परत येऊन म्हणाली, “मॅडम, तो तर माझ्याकडून वीस रुपये जास्त घेऊन गेला.” तिला इतकं खूश मी पूर्वी पाहिलं नव्हतं. म्हणूनच मी ‘मूकबधिर’ हा शब्द वापरत नाही. मुकं कुणी नसतं. कर्णबधिर म्हणा, किंवा सरळ मुलाचं नाव घ्या.

खुणांची भाषा शिकली तर मूल बोलायचं थांबतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. माझ्या व्यवसायातले काही लोकही सांगतात. मी बावीस वर्षांत तसं होताना पाहिलेलं नाही. ज्या मुलाला दोन वर्षांचा असताना खुणेने ‘पाणी’ मागता येतं, ते कमी आदळआपट करतं, एवढं पाहिलंय. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश आहे आणि त्याचे व्हिडिओ मोबाईलवर बघता येतात. दोन आयांनी मिळून रोज एक खूण शिकली तरी पुष्कळ. एकटीने होत नाही, मीही प्रयत्न केलाय.

तुमच्या भागात कुणीच जमलेलं नसेल तर तुम्ही दोघीच सुरू करा. समारंभ नको, बॅनर नको, अध्यक्ष तर अजिबात नको. आठवडी बाजाराच्या दिवशी भेटा, कारण त्या दिवशी घराबाहेर पडायला कारण सांगावं लागत नाही. दवाखान्यात भेटू नका. अंगणवाडी, शाळेची खोली, कुणाची पडवी चालेल. लावणीत, भातकापणीत आणि आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत कुणी येणार नाही, तेव्हा रुसू नका. गणपतीत मात्र एक भेट ठेवाच, कारण बाप तेव्हाच सापडतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून, म्हणजे 2023 पासून, माझ्याकडे येणाऱ्या आयांची संख्या वाढली हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिकिटाचे पैसे हा फार मोठा ‘मानसिक आधार’ असतो. टाइप करायला जमत नसेल तर व्हॉईस मेसेज टाका, आपल्या भाषेत. आणि मुलांना बरोबर आणाच. मशीन घातलेलं दुसरं मूल बघितल्यावर तुमचा मुलगा आपल्या कानाला हात लावून बघेल. मी हे दर वेळी बघते, आणि दर वेळी थांबून बघते.

भेटलात की एक काम करा: दोघी मिळून मुलांना सहा आवाज द्या, आ, ई, ऊ, म, श, स. तोंडासमोर कागद धरून. कुठला ऐकून मूल वळतं, कुठला नाही, ते लिहा. रोज घरी पण हेच. एका आठवड्यात ‘स’ गायब झाला तर मशीन किंवा मोल्ड बिघडलाय असं समजून माझ्याकडे किंवा तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे या. आणि काम करता-करता बोला. एका आईने मला दाखवलं होतं, ती बांगडा साफ करताना मुलीला समोर पाटावर बसवते. “शेपूट. हे बघ शेपूट. कापलं. मांजराला देऊया? मांजर कुठंय?” मुलगी मांजर शोधायला वळली तेव्हा मी वही काढून तारीख लिहिली.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, चारचौघांत बोलता येत नाही. काही बोलू नका. एक आई आमच्याकडे तीन भेटी नुसती बसून राहिली. कुणीतरी कोकमं फोडायला आणली होती, ती फोडत बसायची. नाव सांगितलं एवढंच. कुणी तिला विचारलं नाही, मीही नाही. चौथ्या भेटीत तिने मान वर न करता शेजारणीला विचारलं, “ह्यो सेल किती दिवस चलता गो?” एक म्हणाली आठ दिवस, दुसरी म्हणाली बारा. तिसरीने विचारलं, “तू स्टिकर काढलंस काय लगेच लावतंस? मिनिटभर हवेक ठेव आधी.” चौथीने आपल्या पोराचं मशीनच उघडून दाखवलं. साडेपाचची एसटी येईपर्यंत आम्ही सेलवरच बोलत होतो.